माफीचा कागद आणि लेकराचा हक्क

सर्व स्तुती अल्लाहसाठी, जो सर्व जगांचा पालनकर्ता आहे. दरूद आणि सलाम त्याच्या अंतिम प्रेषितांवर, ज्यांचे बालपण पित्याच्या छायेवाचून गेले.



दारव्हा तालुक्यातील आमच्या बोरी अरबमध्ये इमामतीचे काम करताना निकाहाविषयी जितके प्रश्न येतात, त्याहून अधिक तलाकनंतरच्या आयुष्याविषयी येतात. निकाहाचे प्रश्न लोक हौसेने, चारचौघांत विचारतात. तलाकनंतरचे प्रश्न मात्र जुम्याची गर्दी ओसरल्यावर, दबक्या आवाजात आणि बहुधा भावाच्या किंवा आईच्या तोंडून येतात. त्यांपैकी एक प्रश्न इतक्या वेळा आला आहे की त्याचे उत्तर सविस्तर लिहिणे मी कर्तव्य समजतो. खाली मांडलेला प्रसंग अशा अनेक प्रसंगांतून एकत्र केलेला आहे. त्यात कोणा एका घराची ओळख शोधू नये.

फारकत होऊन पाच वर्षे झाली. मुलगा नऊ वर्षांचा असून आईजवळ राहतो. फारकतीच्या वेळी पंचांनी ठरवून दिल्याप्रमाणे बाप मुलासाठी दरमहा तीन हजार रुपये देत आला. कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांनी. आता त्याचा निरोप आला आहे: माझा दुसरा निकाह झाला, त्या घरात दोन लेकरे आहेत, यंदा सोयाबीन हातचे गेले, कापसाला भाव नाही. तेव्हा हा खर्च इथेच थांबवू. मुलाच्या खर्चाबद्दल यापुढे मागणी करणार नाही असे स्टँप पेपरवर लिहून दे. त्याच्या बदल्यात मीही मुलाचा ताबा कधी मागणार नाही आणि तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही.

आणि ती माउली सही करायला तयार आहे. तिचे म्हणणे, दर महिन्याला फोन करून पैसे मागताना जीव विटला आहे. शिलाईवर चार घास मिळतात, तेवढ्यात इज्जतीने भागवीन. भाऊ विचारतो, ‘मौलाना, शरियतच्या दृष्टीने तिने सही करावी का?’

या भगिनीच्या स्वाभिमानाबद्दल मला आदर आहे. मागण्याचा अपमान काय असतो हे ज्याने मागितले त्यालाच कळते. तरीही उत्तर स्पष्ट आहे: ही सही तिने करू नये. कारण जे माफ करायला तिला सांगितले जात आहे, ते तिचे नाही.

या गोंधळाचे एक कारण आपल्या भाषेत दडलेले आहे. मराठीत आपण सगळ्याच रकमेला ‘पोटगी’ म्हणतो. तलाकनंतर स्त्रीला मिळते तीही पोटगी आणि मुलाच्या संगोपनासाठी येते तीही पोटगी. शब्द सुंदर आहे, त्यात पोट आहे. पण एकाच शब्दाखाली दोन माणसांचे हक्क एकत्र बांधले गेले, आणि मग बाईला वाटू लागले की पोटगी माझी, मी घेईन किंवा सोडीन. फिक्हच्या ग्रंथांत ही गल्लत होत नाही, कारण तिथे प्रत्येक देण्याला वेगळे नाव आहे. महर हे पत्नीचे देणे. इद्दतचा खर्च तलाकशुदा स्त्रीचा. दूध पाजण्याचा मोबदला आणि लहान मुलाच्या सांभाळाचा, म्हणजे हिजानतचा मोबदला हेही तिचेच. या सर्वांहून वेगळा असतो नफका-ए-औलाद, म्हणजे अपत्याचा खर्च. त्याचा मालक ते अपत्य असते. आईच्या हातात तो येतो तो अमानत म्हणून.

आता विचार करा. महर माफ करण्याचा अधिकार स्त्रीला आहे. ती राजीखुशीने काही सोडत असेल तर पतीने ते निःशंक घ्यावे, असे सूरह निसाच्या चौथ्या आयतीत आले आहे. (राजीखुशीने हा शब्द मी मुद्दाम वापरतो. मैयतीच्या खाटेजवळ विधवेकडून महर माफ करवून घेण्याची आपल्याकडची रीत त्या शब्दात बसत नाही, पण तो विषय वेगळा.) परंतु एखाद्या यतीमची शेती ज्याच्या देखरेखीखाली आहे, त्याने ती कोणाला बक्षीस देऊन टाकली तर ते चालेल काय? कोणताही मुफ्ती ‘होय’ म्हणणार नाही. पालक मालमत्ता सांभाळतो, ती उधळण्याचा किंवा सोडण्याचा अधिकार त्याला नसतो. नऊ वर्षांच्या मुलाचा खर्च हीसुद्धा त्याची मालमत्ता आहे. ती दर महिन्याला थोडी थोडी येते, एवढाच काय तो फरक.

पवित्र कुरआनने हा विषय कुठे मांडला आहे, तेही पाहण्यासारखे आहे. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत तान्ह्या मुलाच्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे, आणि ही आयत तलाकच्या आदेशांच्या मधोमध आली आहे. संसार सुरळीत चालू असताना बाप मुलाला खाऊ घालतोच, त्याला सांगावे लागत नाही. अल्लाहने सांगितले ते अशा वेळी, जेव्हा घर मोडलेले असते आणि बापाच्या मनात ‘आता माझा काय संबंध’ हा विचार डोकावतो. त्याच आयतीत बापासाठी ‘वालिद’ हा सरळ शब्द न वापरता ‘मौलूद लहू’ असे म्हटले आहे. त्याचा अर्थ, ज्याच्यासाठी मूल जन्माला आले तो. तफसीरकारांनी यावर लिहिले आहे की मूल ज्याच्या नावाने आणि ज्याच्या वंशात गणले जाते, त्याच्यावरच त्याचा खर्च आहे, हे या शब्दातून सुचवले जाते. तलाकने पत्नी परकी होते, वंश परका होत नाही.

याच आयतीत पुढे असा आशय आहे की मुलापायी आईला त्रास दिला जाऊ नये आणि मुलापायी बापालाही. हे दोन्ही बाजूंना सांगितले आहे. त्याकडे मी पुढे येईन.

प्रेषित (स.) यांच्याकडे हिंद बिन्ते उतबा (रजि.) आल्या आणि तक्रार केली की अबू सुफियान हात आखडते आहेत, मला व मुलाला पुरेल इतके देत नाहीत. आपण (स.) त्यांना सांगितले की रूढ पद्धतीने तुला आणि तुझ्या मुलाला पुरेल इतके घे. ही हदीस सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम दोहोंत आहे. हिंद त्या वेळी पत्नीच होत्या, तलाकशुदा नव्हत्या. पण उत्तरात आई आणि मूल यांचा उल्लेख वेगवेगळा आला, हे ध्यानात घ्यावे. अबू दाऊदच्या संग्रहातील दुसऱ्या हदीसचा भाव असा की ज्यांचे पोट आपल्यावर अवलंबून आहे त्यांना वाऱ्यावर सोडणे, एवढे एकच पाप माणसाला पुरेसे आहे. नमाज, रोजे यांचा पाबंद असलेला बाप जेव्हा मला विचारतो की ‘तिने माफ केले तर मी सुटलो ना?’ तेव्हा मी त्याला ही हदीस ऐकवतो. ज्याचे देणे आहे तो अजून माफी द्यायच्या वयाचा झालेला नाही.

‘पण खुल्यामध्ये तर स्त्री मुलाच्या खर्चाची जबाबदारी स्वतःवर घेते, ते कसे चालते?’ असा प्रश्न जाणकार विचारतील, आणि तो योग्य आहे. हनफी फिक्हमध्ये खुल्याचा मोबदला म्हणून स्त्रीने काही ठरावीक मुदतीपर्यंत मुलाचा खर्च स्वतः करण्याचे कबूल केले, तर तो करार मान्य होतो. मात्र पुढे ती तंगीत आली आणि मुलाला उपास पडू लागले, तर बापाला खर्च देण्यास भाग पाडले जाईल, असेही त्याच फुकहांनी लिहून ठेवले आहे. बापाने दिलेली ती रक्कम स्त्रीच्या नावे कर्ज म्हणून राहील, हवे तर त्याने ती सवडीने वसूल करावी. पण आधी मुलाच्या ताटात अन्न पडेल आणि हिशेब नंतर होईल. म्हणजे आईबापांनी आपसात कसलाही करार केला, तरी त्याची झळ मुलापर्यंत पोहोचू न देण्याची काळजी आपल्या इमामांनी शेकडो वर्षांपूर्वी घेतली आहे.

ताब्याच्या सौद्याचेही तसेच. प्रसंगातला बाप म्हणतो, तू खर्च सोड, मी ताबा सोडतो. जणू काही बैलजोडीची अदलाबदल चालली आहे! हिजानत हा आईचा हक्क आहे तसा मुलाचाही हक्क आहे. मूल बापाकडे सोडून देण्याच्या अटीवर खुला झाला तर खुला होतो पण ती अट रद्द ठरते, असे फुकहा म्हणतात, कारण त्या अटीत मुलाचा हक्क विकला गेला. इथे सौदा उलट्या दिशेचा आहे, पण वस्तू तीच आहे.

हजरत उमर (रजि.) यांचा एक प्रसंग इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आला आहे. त्यांनी एका अन्सारी पत्नीला तलाक दिला होता. तिच्यापासूनचा मुलगा आसिम त्यांना कुबाच्या मशिदीच्या अंगणात खेळताना दिसला. उमर (रजि.) यांनी दंडाला धरून त्याला उचलले आणि सवारीवर आपल्यापुढे बसवले. तेवढ्यात मुलाची आजी धावत आली आणि दोघांत ओढाताण सुरू झाली. प्रकरण खलीफा हजरत अबूबक्र (रजि.) यांच्यापुढे गेले. त्यांनी उमरना सांगितले की मुलाला तिच्याजवळ राहू दे. आणि उमर (रजि.), ज्यांच्या आवाजाने मोठमोठे सरदार थरारत, त्यांनी एक शब्दही उलट काढला नाही. मुलगा आजीकडे राहिला, तरी इतिहासाने त्याला उमरचा पुत्र आसिम म्हणूनच ओळखले. याच आसिमच्या मुलीच्या पोटी पुढे हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) जन्मले. मूल कोणाच्या घरात वाढते यावर ते कोणाचे आहे हे ठरत नसते.

येथे मातांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. पैसे आले नाहीत म्हणून मुलाला बापाशी बोलू न देणे, ईदला भेटू न देणे, फोन कट करणे हे काही घरांत चालते. राग समजण्यासारखा आहे, पण कृती योग्य नाही. मुलापायी बापालाही त्रास देऊ नये असे जे २३३ व्या आयतीत आहे, ते याचसाठी. खर्च हा भेटीचा तिकीटदर नव्हे. बापाने खर्च थकवला तर त्याची वसुली करावी, त्यासाठी मार्ग आहेत. भेट थांबवली तर दंड मुलाला होतो, आणि त्याने तर काहीच थकवलेले नसते.

आता बापाच्या अडचणीकडे वळू. ती खोटी आहे असे मी गृहीत धरत नाही. यवतमाळ जिल्ह्यात राहून शेतकऱ्याच्या तंगीवर अविश्वास दाखवणारा माणूस एकतर परगावचा असतो किंवा सावकार असतो. अवकाळी पावसाने शेंगा काळ्या पडतात, बोंडअळी येते, व्यापाऱ्याकडचे चुकारे अडकतात. हे सर्व मिंबरवरून बोलणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने शेतकऱ्यांना उपदेश करू नये. सूरह तलाकच्या सातव्या आयतीने याचा विचार केला आहे. ऐपतवाल्याने ऐपतीनुसार खर्च करावा, आणि ज्याची रोजी आखडली आहे त्याने अल्लाहने जे दिले त्यातून करावा, असा तिचा भावार्थ आहे. तंगी असली तरी आज्ञा ‘करावा’ अशीच राहते. माप कमी होते, आज्ञा उठत नाही.

म्हणून जो बाप म्हणतो ‘यंदा तीन हजार झेपत नाहीत’, त्याचे ऐकून घेतले पाहिजे. जो म्हणतो ‘कायमचे बंद करू’, त्याला नकार दिला पाहिजे. या दोन विनंत्या दिसायला जवळच्या आहेत, पण एक मापाविषयी आहे आणि दुसरी नात्याविषयी. पहिल्या विनंतीला सूरह बकराची २८० वी आयत लागू पडते, जिच्यात अडचणीतल्या देणेकऱ्याला सवड देण्याचा आदेश आहे. हंगाम संपेपर्यंत दीड हजार, चुकारे हाती आल्यावर उरलेली रक्कम, असे काही ठरवता येते. पैशाऐवजी शाळेची फी परस्पर भरणे, घरचे धान्य देणे, हेही चालण्यासारखे आहे. मात्र सवलत किती महिन्यांची, ती कोणत्या तारखेला संपणार, आणि कमी दिलेले पुढे भरून द्यायचे की नाही, हे लिहून घ्यावे. मुदत नसलेली सवलत काही महिन्यांतच रिवाज बनते.

दुसरा निकाह हे कारण मात्र मला पटत नाही. नव्या घरातील लेकरे जशी त्याची, तसाच हा नऊ वर्षांचा मुलगाही त्याचाच. नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला खास देणगी देऊन प्रेषितांना (स.) साक्षीदार करू पाहिले, तेव्हा आपण (स.) विचारले की सर्व मुलांना असेच दिले आहेस काय? ‘नाही’ असे उत्तर मिळताच आपण (स.) साक्ष देण्यास नकार दिला. तिथे तर प्रश्न केवळ देणगीचा होता. इथे रोजच्या भाकरीचा आहे.

तसेच आईने दुसरा निकाह केला तरी बापाची जबाबदारी संपत नाही. सांभाळ कोणाकडे राहील हा प्रश्न त्यातून निघू शकतो, पण सावत्र बापावर या मुलाचा नफका वाजिब होत नाही. तो प्रेमाने करील तर त्याला सवाब मिळेल. आई शिवणकाम करते किंवा अंगणवाडीत नोकरी करते, म्हणूनही हनफी मताप्रमाणे बापाच्या डोक्यावरचे ओझे उतरत नाही. लहान, निर्धन मुलाचा खर्च देण्यात बापाचा कोणी भागीदार नाही. आणि बाप खरोखरच निर्धन असेल तर? तेव्हा ऐपत असलेल्या आईला खर्च करायला सांगितले जाईल, परंतु तो बापाच्या नावे कर्ज म्हणून नोंदला जाईल. पाहा, अगदी त्या टोकालाही आपल्या फुकहांनी बापाचे नाव खोडले नाही.

देशाच्या कायद्याकडे पाहिले तर तोही याच निष्कर्षाला पोहोचतो. तलाकशुदा स्त्रियांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात मुलाच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या खर्चाचा उल्लेख आहे. त्यावर बोट ठेवून, दोन वर्षांनंतर मुसलमान बाप मोकळा, असा समज आजही कित्येकांचा आहे. हाच समज नूर सबा खातून यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तीन लहान मुले होती. दंडाधिकाऱ्याने प्रत्येक मुलाला दरमहा १५० रुपये मंजूर केले होते. तलाकनंतर पाटणा उच्च न्यायालयाने ते दोन वर्षांच्या वयापुरते आखडले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. दोन वर्षांची तरतूद ही मूल जवळ बाळगणाऱ्या आईच्या हक्काची आहे, मुलांचा स्वतःचा हक्क त्याहून वेगळा आणि स्वतंत्र आहे. तो सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतः कमावू लागेपर्यंत, आणि मुलींच्या बाबतीत त्यांचा विवाह होईपर्यंत चालू राहतो, असे न्यायालयाने म्हटले. मुस्लिम वैयक्तिक कायद्यातही बापाचे हे कर्तव्य निरपवाद आहे, याची नोंद त्या निकालात आहे. आईचा हक्क वेगळा, मुलाचा वेगळा: वर नावांच्या संदर्भात मी जे सांगितले, तेच न्यायमूर्तींनी कलमांच्या भाषेत सांगितले.

माफीच्या कागदाचे काय होते, तेही पाहावे. मुंबईच्या बाई ताहिरा यांनी १९६२ मध्ये तलाकनंतर न्यायालयात एक तडजोड मान्य केली होती. तिच्यात महरचे ५,००० आणि इद्दतचे १८० रुपये धरलेले होते, फ्लॅटचा प्रश्न मिटवलेला होता, आणि यापुढे आपला कोणताही हक्क उरला नाही असे स्पष्ट लिहिले होते. कागद पक्का होता, न्यायालयाचा शिक्का असलेला. तरीही पुढे निर्वाहाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने तो कागद पतीची ढाल होऊ दिला नाही. ती तर स्वतःच्या हक्काबद्दल लिहून देणारी सज्ञान स्त्री होती. मग मुलाच्या वतीने आईने लिहून दिलेल्या, तिठ्यावरच्या नोटरीकडे केलेल्या कागदाची किंमत किती, याचा अंदाज वाचकांनी करावा. बापाला वाटते कागद झाला, आपण सुटलो. आईला वाटते सही झाली, आता मागता येत नाही. दोघांचीही समजूत चुकीची, आणि नुकसान तिसऱ्याचे.

‘मला उत्पन्नच नाही’ हे उत्तरही आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. आपल्याच विदर्भातील, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेले रजनेश विरुद्ध नेहा हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पत्नीला १५,००० आणि मुलाला आधी ५,००० व नंतर १०,००० रुपये दरमहा असा तो आदेश होता. पतीचे म्हणणे होते की हाताला काम नाही. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले: निर्वाहाच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी शपथपत्रावर सादर करावीत, आणि मंजूर रक्कम अर्जाच्या तारखेपासून लागू व्हावी. ते पक्षकार आपल्या धर्माचे नव्हते, पण नियम सर्वांना लागू आहे. सातबारा, पीककर्ज, दुकान, गाडीचे हप्ते, सगळे शपथेवर सांगावे लागते. खोटी शपथ घेणाऱ्याला या जगातला न्यायाधीश पकडील किंवा न पकडील.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाने घेतली आहे. आई जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो, म्हणजे आमच्याकडच्या भगिनीला दारव्ह्याला जावे लागेल. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. परिस्थिती बदलली तर १४६ व्या कलमाखाली रक्कम वाढवून किंवा कमी करून घेता येते. म्हणजे खऱ्या अडचणीतल्या बापालाही उजळ माथ्याने जाता येईल असा रस्ता आहे, त्याने मुलाच्या आईकडून चोरून सही घेण्याची गरज नाही. आणि एक गोष्ट प्रत्येक आईने लक्षात ठेवावी: न्यायालयाचा आदेश असूनही रक्कम थकली, तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. त्यानंतर वसुलीचा हा वॉरंटचा मार्ग बंद होतो. ‘देईल कधीतरी’ म्हणून तीन-तीन वर्षे गप्प बसणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत. फिक्हच्या दृष्टीनेही काजीच्या ठरावाशिवाय मागे पडलेला नफका मागणे अवघड होते. सब्र चांगला आहे, पण दुसऱ्याच्या हक्कावर सब्र करण्याची परवानगी आपल्याला कोणी दिली?

जमातच्या पंचांशीही थोडे बोलायचे आहे. फारकतीचा कागद बहुधा आपल्या साक्षीने होतो. त्यात ‘उभय पक्षांचा एकमेकांवर कोणताही हक्क राहिला नाही’ ही ओळ आपण सवयीने घालतो, आणि मुलाचे नाव त्याच ओळीत ओढले जाते. हे बंद झाले पाहिजे. मुलाचा खर्च, तो वाढण्याची मुदत, शाळा-दवाखान्याचा भार आणि भेटीचे दिवस यांचा स्वतंत्र परिच्छेद असावा. एकरकमी रक्कम देऊन मिटवण्याची रीतही मला धोक्याची वाटते. लाख-दीड लाख रुपये मामाच्या घरदुरुस्तीत किंवा मावशीच्या लग्नात संपतात, आणि मुलगा सातवीत पोहोचतो तेव्हा वहीला पैसे नसतात. रक्कम संपली म्हणून मुलाची भूक संपत नाही, आणि बापाचे कर्तव्यही. एकरकमी द्यायचीच असेल तर ती मुलाच्या नावावर ठेवावी.

एवढे सारे झाल्यावर ती भगिनी काय उत्तर देईल? भांडणाचा सूर नको, लाचारीचाही नको. सूरह तलाकच्या सहाव्या आयतीत तलाकनंतरही मुलाच्या बाबतीत आपसात भल्या रीतीने सल्लामसलत करण्याचा आदेश आहे. त्याला धरून मी एक मसुदा भावाजवळ दिला. ज्या घराला गरज असेल त्याने तो आपल्या परिस्थितीप्रमाणे बदलून वापरावा:

‘अस्सलामु अलैकुम. मुलाच्या अब्बांना कळवते की तुमचा निरोप मिळाला. यंदा तुमचे पीक गेले याचे वाईट वाटले. अल्लाह बरकत देवो. माझ्या स्वतःच्या हक्काचे जे होते, त्याबद्दल मी आता काही बोलत नाही. पण मुलाचा खर्च माझा नाही, म्हणून तो सोडून देण्याचा कागद मी करू शकत नाही. येत्या चार महिन्यांसाठी तुम्ही दीड हजार पाठवले तरी मी तक्रार करणार नाही. पाचव्या महिन्यापासून पूर्वीप्रमाणे तीन हजार पाठवावेत. राहिलेले सहा हजार तुमचे चुकारे मिळाल्यावर द्यावेत. रक्कम मुलाच्या नावच्या खात्यात जमा करावी, म्हणजे मला फोन करावा लागणार नाही आणि तुम्हाला ऐकावे लागणार नाही. हे जमत नसेल तर दोन्हीकडचे दोन-दोन मोठे माणसे बसवू. तेही जमले नाही तर मी कोर्टात अर्ज करीन, आणि तो तुमच्याविरुद्ध नसून मुलासाठी असेल. ताबा आणि भेट यांचा या पैशांशी संबंध जोडू नये. तो तुमची आठवण काढतो. महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार तुमच्यासाठी मोकळा ठेवला आहे. सकाळी दहा वाजता तो तयार असेल.’

हे पत्र हाती देऊन पोच घ्यावी किंवा स्पीड पोस्टाने पाठवावे. एक प्रत जवळ ठेवावी, आणि आतापर्यंत मिळालेल्या रकमांच्या तारखा एका वहीत उतरवून त्या प्रतीसोबत ठेवाव्यात.